सर्व्हर दिवाळीत बदला, पण माणसांचे नंबर श्रावणातच जुळवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथेच कळेल. नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, सुमारे १८० युजर. डिझाइन विभागाच्या सिम्युलेशनसाठी ८ नोडचं (म्हणजे एकत्र काम करणाऱ्या ८ सर्व्हरचं) लिनक्स क्लस्टर, सेंटओएस ७ या लिनक्सवर, जॉब स्लर्म या कामांची रांग लावणाऱ्या प्रोग्राममधून जातात. ईआरपीसाठी (कारखान्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर) दोन नोडचं विंडोज सर्व्हर २०१६ चं फेलओव्हर क्लस्टर, म्हणजे एक नोड पडला की दुसरा काम उचलतो. दोघांच्या मध्ये एक स्टोरेज, जे तेच फोल्डर लिनक्सला एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची लिनक्सची पद्धत) आणि विंडोजला शेअर म्हणून दाखवतं. मार्केटिंगला चार मॅक. विंडोजची अकाउंट मध्यवर्ती यादीत, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, लिनक्सची मात्र प्रत्येक नोडवर हाताने केलेली. आणि साहेबांचं म्हणणं असं की दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत लिनक्स सेंटओएस काढून रॉकी ९ वर न्या, विंडोज २०२२ वर न्या आणि सगळ्यांना एकच लॉगिन द्या. तिन्ही एकदम. तुम्ही विचारताय, सुरुवात कोणत्या सर्व्हरपासून करू?

कोणत्याच नाही. सुरुवात युजरांच्या यादीपासून करा. जूनमध्येच विचारलंत हे बरं झालं, धनत्रयोदशीला विचारलं असतं तर मी फक्त शुभेच्छा दिल्या असत्या.

सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात २२ वर्षं हेच करतोय. या काळात जी अपग्रेड फसलेली पाहिली, त्यातली बहुतेक नव्या ऑपरेटिंग सिस्टीममुळे फसली नव्हती. सिस्टीम चढली होती, सर्व्हर हिरवे दिवे दाखवत होते, आणि सोमवारी सकाळी डिझाइनवाल्यांना स्वतःच्याच फाइल उघडेनात. मग अपग्रेड फसलं की अकाउंटचा घोळ झाला, हे शोधण्यात दोन दिवस. दोन्ही बदल एकाच रात्री केलेले असल्यामुळे बोट कुणाकडे दाखवायचं तेच कळत नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे: अकाउंटचं काम आणि सर्व्हरचं काम एकाच सुट्टीत करायचं नाही, आणि अकाउंटचं काम आधी. सेंटओएस ७ वरही एसएसएसडी, म्हणजे बाहेरच्या यादीतली अकाउंट लिनक्सला ओळखायला लावणारी सेवा, व्यवस्थित चालतं, त्यामुळे आहे त्या जुन्या सिस्टीमवरच लोकांना अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर आणता येतं. ते महिनाभर सुखाने चाललं, की मग खालचं यंत्र बदला.

हे असं का, ते सांगतो. लिनक्सला तुमचं नाव माहीत नसतं, नंबर माहीत असतो. फाइलवर मालक म्हणून यूआयडीचा आकडा लिहिलेला असतो. नाव दिसतं ते दाखवण्यापुरतं, त्या मशीनवरच्या यादीत बघून. तुमच्याकडे आठ नोड, आणि प्रत्येकावर युजर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या क्रमाने केलेले. नोड एकवर १००४ म्हणजे डिझाइनचे सीनियर, आणि नोड पाचवर १००४ म्हणजे क्वालिटीतला शिकाऊ मुलगा, असं हमखास असणार. मध्ये कुणी सेंटओएस ६ च्या काळातले युजर तसेच उचलून आणले असतील तर ५०० पासूनचे नंबरही सापडतील, कारण ६ मध्ये सामान्य युजर ५०० पासून सुरू व्हायचे आणि ७ मध्ये १००० पासून. तरी आजवर चाललं कसं? कारण लोक सवयीने एकाच नोडवर लॉगिन करतात, आणि कुठे अडलं की कुणीतरी फोल्डरला सगळ्यांसाठी लिहायची परवानगी देऊन टाकलेली असते. तुमच्या स्टोरेजवर असे ‘७७७’ वाले फोल्डर किती आहेत ते एकदा मोजा. प्रत्येक फोल्डरमागे एक दडपलेला घोळ आहे.

एक किस्सा सांगतो, कारखान्याचं नाव सोडून. तिथे फाइल सर्व्हरवर एचआरच्या एका ट्रेनीचं अकाउंट होतं. ती महिनाभरात सोडून गेली, आयटीने अकाउंट तत्परतेने उडवलं, फाइल मात्र राहिल्या. चार दिवसांनी स्टोअरमध्ये नवा मुलगा लागला, त्याचं अकाउंट केलं. लिनक्स नवीन युजरला सध्या असलेल्या सर्वांत मोठ्या नंबरच्या पुढचा नंबर देतं. सर्वांत मोठा नंबर त्या ट्रेनीचाच होता आणि तो नुकताच मोकळा झाला होता, म्हणून तोच या मुलाला मिळाला. मुलगा सरळ होता. मला म्हणाला, “सर, या पगाराच्या फाइलवर मालक म्हणून माझं नाव का येतंय?” कुणी हॅक केलं नव्हतं, कुणी काही बिघडवलं नव्हतं. नंबर पुन्हा वापरला गेला, एवढंच.

तेव्हापासून माझा नियम: माणूस गेला की अकाउंट बंद करायचं, उडवायचं नाही, आणि नंबर कधीही दुसऱ्याला द्यायचा नाही.

आता यादी कशी करायची. आठही नोडवरच्या युजर फाइल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली यादी आणि एचआरकडची हजेरीपटावरची यादी, तिन्ही एका शीटमध्ये शेजारी शेजारी आणा. एचआरची यादी सर्वांत महत्त्वाची, आणि ती मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ती आजच मागा. जुळवायला बसलात की तीन ढीग होतील. एचआरकडे आहे आणि सिस्टीमवरही आहे, तो सोपा ढीग. सिस्टीमवर आहे पण एचआरला माहीतच नाही, म्हणजे सोडून गेलेले, कंत्राटदाराची माणसं आणि ‘शिफ्ट१’, ‘टेस्ट’, ‘बॅकअप’ असली अकाउंट. तिसरा ढीग एकाच माणसाच्या दोन-तीन नावांचा. विंडोजवर एका स्पेलिंगने, लिनक्सवर दुसऱ्या. विंडोज कॅपिटल-स्मॉल बघत नाही, लिनक्स बघतं, त्यामुळे एकच नाव दोन रूपांत सापडतं. तिसरा ढीग संगणकाला विचारून सुटत नाही. मी चहाच्या वेळी शॉपफ्लोअरवर जाऊन एकेकाला विचारत फिरलोय.

नावाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लॉगिन आडनावावरून करू नका. १८० माणसांच्या कारखान्यात पाटीलच आठ-दहा निघतात, मग पाटील, पाटील२, पाटीलएसडी असा वंशवेल सुरू होतो. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं की लॉगिन बदला म्हणून अर्ज येतो, आणि लॉगिन बदललं की होम फोल्डर, शेड्यूल केलेले जॉब, मॅकवरचा कीचेन, सगळीकडे कुरबुर. एम्प्लॉयी कोड वापरा. लोक आठवडाभर कुरकुरतात, मग गेटवरचं कार्ड पंच करता करता पाठ होतं. दाखवायचं नाव वेगळं ठेवता येतंच, ईमेलही नावाचा राहू दे. तुमच्या मॅनेजमेंटला हे चालेल की नाही ते मात्र तुम्हालाच बघावं लागेल. दोन ठिकाणी मला साफ नकार मिळालाय.

नंबर द्यायचा तर त्यातही कोडच कामी येतो. मी लिनक्सचा नंबर २०,००० अधिक एम्प्लॉयी कोड असा देतो. कोड १३४७ तर यूआयडी २१३४७. सर्व्हिस अकाउंट आणि कंत्राटी माणसं ४०,००० पासून पुढे. ६०,००० च्या खाली राहायचं, कारण त्याच्या वर सिस्टीमचे स्वतःचे राखीव पट्टे सुरू होतात. यात खरा फायदा असा की नवा पट्टा जुन्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर आहे. जुन्या १००४ ला १०१० करायचं आणि जुना १०१० आधीच कुणाचा तरी असेल, तर अर्ध्यावर दोघांच्या फाइल एकत्र मिसळतात आणि मग देवही वेगळ्या करू शकत नाही. नवा पट्टा वेगळा असला की स्क्रिप्ट मध्येच थांबली तरी पुन्हा सुरुवातीपासून चालवता येते.

इथे एक फाटा आहे. एसएसएसडीला हे नंबर हाताने द्यावे लागतात असं नाही, ते विंडोजच्या एसआयडीवरून (विंडोजचा प्रत्येक अकाउंटचा ओळख-आकडा) स्वतः नंबर काढू शकतं आणि सारखं कॉन्फिगरेशन असलेल्या प्रत्येक मशीनवर तोच नंबर येतो. स्टोरेज कोरं असतं तर मीही तेच केलं असतं, कामच वाचतं. पण ते नंबर प्रचंड मोठे येतात, कोट्यवधींच्या घरात. जुन्या पद्धतीच्या टार फॉरमॅटमध्ये यूआयडीला २० लाख ९७ हजार १५१ च्या पुढे जागाच नाही, म्हणून एखादी जुनी बॅकअप स्क्रिप्ट तिथे अडखळते. आणि तुमच्याकडे तर एनएफएसवर वर्षानुवर्षांचा डेटा आहे, मालक बदलावे लागणारच आहेत. तेव्हा नंबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच प्रत्येक युजरच्या यूआयडी-नंबर या रकान्यात स्वतः भरा आणि एसएसएसडीला सांगा की स्वतः काढू नको, तिथून वाच. विंडोज २०१६ पासून युनिक्ससाठीचा तो वेगळा टॅब काढून टाकलाय, त्यामुळे ‘ही सोयच गेली’ असा समज आहे. पण रकाने स्कीमात, म्हणजे डिरेक्टरीच्या मूळ रचनेत, आहेत, अ‍ॅट्रिब्यूट एडिटरमधून किंवा पॉवरशेलने भरता येतात.

मालक बदलण्याची रात्र कशी जाते ते जवळून सांगतो, कारण चुका इथेच होतात. शुक्रवारी संध्याकाळी स्लर्मची रांग बंद करायची आणि रांगेतला शेवटचा जॉब संपेपर्यंत थांबायचं. नुसतं पॉज करून चालत नाही, कारण थांबलेल्या जॉबच्या पोटात जुना नंबर असतो. मग सगळ्या नोडवरचे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) थांबवायचे. स्टोरेजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्यायचा. फोल्डरांवर वेगळे एसीएल (कुणाला काय परवानगी याच्या जास्तीच्या याद्या) लावले असतील तर त्यांची यादी फाइलमध्ये काढून ठेवायची, कारण एसीएलमध्येही नंबरच असतात आणि मालक बदलणारी साधी कमांड त्यांना हात लावत नाही. त्यानंतर जुना नंबर शोधून नवा लावणारी स्क्रिप्ट. ती शक्यतो स्टोरेजवरच चालवा. नेटवर्कवरून लाखो लहान फाइलवर चालवली तर सोमवार उजाडेल. सिम्बॉलिक लिंकचा मालक बदलायला वेगळा पर्याय लागतो, नाहीतर लिंक सोडून ती जिथे बोट दाखवते तिथल्या फाइलचा मालक बदलतो. आणि एखाद्या प्रोग्रामवर सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण) असेल तर मालक बदलताना ते निघून जातं, अशा फाइलची यादी आधी काढून ठेवा.

हे झालं की नोडवरच्या लोकल युजरांच्या ओळी काढायच्या. काढाव्याच लागतात, कारण नाव शोधताना लिनक्स आधी लोकल फाइल बघतं. तिथे जुनी ओळ राहिली तर नवा नंबर कधी लागूच होणार नाही. युजर काढण्याच्या कमांडला होम फोल्डरही काढायचा पर्याय आहे. हाताला सवय असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, आणि होम तर सगळ्यांचं एकाच एनएफएसवर. एका नोडवर तो पर्याय लागला की सगळीकडचं घर गेलं. मी स्वतः स्नॅपशॉटमधून तीन जणांची घरं परत आणली आहेत, आणि त्या तिघांना आजवर सांगितलेलं नाही. शेवटी एसएसएसडीचा कॅश साफ करा, नोड रीबूट करा आणि स्टोरेजवर ‘ज्यांचा मालक कुणीच नाही’ अशा फाइल शोधा. जे निघतं ते बहुधा सोडून गेलेल्यांचं असतं. ते विभागप्रमुखाच्या सहीने कुणाच्या तरी नावावर करा किंवा एका ‘माजी’ अकाउंटखाली ठेवा.

जुना नंबर-नवा नंबर असं ते शीट मात्र फेकू नका. बॅकअपमध्ये जुनेच नंबर आहेत. सहा महिन्यांनी कुणी जुनी फाइल परत मागितली की ती जुन्याच मालकाच्या नंबरने येणार. तुमचा सर्वांत जुना बॅकअप जितका काळ ठेवता तितका काळ ते शीट जपायचं.

सेंटओएस ७ वर एसएसएसडी टाकायला गेलात की पहिली अडचण पॅकेजची येईल. ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला आणि नेहमीचे मिरर बंद झाले. पॅकेजेस व्हॉल्टमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात, आहेत, रेपो फाइलमध्ये तो पत्ता टाकावा लागतो. आणि घड्याळं. केर्बेरॉस, म्हणजे डिरेक्टरीची लॉगिन तपासायची पद्धत, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही, आणि स्लर्म ओळख पटवायला ज्या मुंज नावाच्या सेवेवर विसंबतं तीही. विंडोज आपल्या डोमेन कंट्रोलरकडून (डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) वेळ घेतं, लिनक्स इंटरनेटवरून, आणि डोमेन कंट्रोलर स्वतः कुणाकडूनच घेत नाही, हे चित्र मी फार ठिकाणी पाहिलंय. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायची आहे आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. तेव्हा सगळ्यांचा उगम एकच करून टाका, दोन्ही कामं होतात.

आणखी एक खोडा, जो फक्त मोठ्या साहेबांना लागतो. एनएफएस साध्या पद्धतीने वापरलं तर प्रत्येक विनंतीसोबत फक्त १६ ग्रुप जातात. लोकल अकाउंटच्या काळात कुणाचे १६ ग्रुप नव्हतेच. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर आलात की डिझाइन हेडचे पंचवीस-तीस ग्रुप असतात, आणि नेमका लागणारा ग्रुप सतरावा निघतो. परिणाम असा की शिकाऊ मुलाला फोल्डर उघडतं आणि हेडला ‘परवानगी नाही’. फोन कुणाचा येणार ते सांगायला नको. उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे: क्लायंटने पाठवलेले ग्रुप न मानता सर्व्हरने स्वतः शोधायचे, तशी सोय लिनक्सच्या एनएफएसमध्ये आहे. तुमचं स्टोरेज कोणत्या कंपनीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावर ही सेटिंग कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

इतकं झालं, की सर्व्हर. हा भाग तुलनेने सरळ आहे.

पहिलं, काहीही न बदलता प्रत्येक नोड एकदा रीबूट करा. अपग्रेडच्या निदान पंधरा दिवस आधी. दोन वर्षं अखंड चाललेला सर्व्हर बंद झाल्यावर उठेलच असं नाही. डिस्क जाते, रेड कार्डची (अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड) बॅटरी मेलेली असते, कुणीतरी हाताने चालू केलेली सर्व्हिस रीबूटनंतर येतच नाही. हे दिवाळीच्या रात्री कळलं तर दोष अपग्रेडवर जातो.

दुसरं, जुनी कार्डं. रेड हॅट लिनक्स ८ पासून बऱ्याच जुन्या रेड आणि एसएएस कार्डांचे ड्रायव्हर काढले गेले, आणि रॉकी त्याच वाटेने जातं. इन्स्टॉलर सुरू होतो आणि त्याला डिस्कच दिसत नाही. पेनड्राइव्हवरून रॉकी ९ प्रत्येक प्रकारच्या नोडवर नुसतं बूट करून बघा, दहा मिनिटांचं काम. सिम्युलेशन सॉफ्टवेअरवाल्यांकडून त्यांचं चालू व्हर्जन रॉकी ९ वर चालतं का, हे लेखी घ्या. लायसन्स सर्व्हर बहुधा नेटवर्क कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेला असतो, तो हलवणार असाल तर नवं लायसन्स यायला किती दिवस लागतात तेही विचारा. हे एक उत्तर नकारार्थी आलं तर पुढचं सगळं वेळापत्रक बदलेल, म्हणून हेही आजच.

तिसरं, जागच्या जागी अपग्रेड करू नका. ७ वरून ९ ला थेट जाता येत नाही, मध्ये ८ घ्यावं लागतं, आणि कंप्यूट नोडवर जपण्यासारखं असतंच काय? कोरं इन्स्टॉल करा. मी असं करतो: ऑक्टोबरमध्ये दोन नोड रांगेतून ड्रेन करून, म्हणजे नवं काम न देता रिकामे करून, बाहेर काढायचे, एका व्हर्च्युअल मशीनवर नवीन हेड नोड (क्लस्टरचा मुख्य सर्व्हर) उभा करायचा आणि त्या दोघांचं छोटं नवं क्लस्टर जुन्याच्या शेजारी चालवायचं. स्टोरेज तेच, लॉगिन तेच, नंबर तेच, कारण ते काम आधीच झालंय. आता कळलं असेल की मी अकाउंट आधी का म्हणत होतो. डिझाइनमधल्या दोघा उत्साही पोरांना तिथे पाठवा. जुन्या क्लस्टरवर झालेलं एक सिम्युलेशन तसंच्या तसं नव्यावर चालवून उत्तरं जुळवा. दशांशाच्या पुढे कुठेतरी फरक येईल, गणिताच्या लायब्ररी बदलल्या की येतोच. तो किती चालेल हे आयटीने ठरवायचं नाही, डिझाइन आणि क्वालिटीकडून लिहून घ्यायचं. मग दिवाळीत उरलेल्यांपैकी चार नोड हलवा. दोन जुनेच राहू द्या, डिसेंबरपर्यंत. कुणाचं एखादं जुनं मॉडेल नव्यावर अडलंच तर त्याला जागा हवी. सेंटओएस असल्यामुळे ते दोन्ही नोड इंटरनेटपासून तोडून ठेवा.

रॉकी ९ वर दोन गोष्टी तुम्हाला गोंधळात टाकतील. एक, जुन्या स्विच आणि यूपीएसच्या कार्डांशी एसएसएच (दुरून लॉगिन करायची पद्धत) जुळत नाही, कारण शा-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या सह्या ते मानत नाही. दोन, सगळ्यांचं लॉगिन चालतं आणि एखादं जुनं सर्व्हिस अकाउंट तेवढं चालत नाही. ९ ला केर्बेरॉसमध्ये आरसी४ ही जुनी सांकेतिक पद्धत चालत नाही, एईएस ही नवी लागते. विंडोज एईएसच्या किल्ल्या पासवर्ड बदलताना तयार करतं. डोमेन २००३ च्या पातळीवर असतानापासून ज्या अकाउंटचा पासवर्ड कुणी बदललाच नाही, त्याच्याकडे त्या किल्ल्याच नाहीत. लोक क्रिप्टो पॉलिसी ढिली करून मोकळे होतात. पासवर्ड एकदा बदलला तरी काम होतं. क्लस्टरवर पोस्टग्रेसचा एखादा डेटाबेस असेल तर आणखी एक. ७ आणि ८ च्या मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची अक्षरं क्रमाने लावायची पद्धत बदलली आहे, तेव्हा जुनी डेटा डिरेक्टरी तशीच नव्या मशीनला जोडली तर मजकुराचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात. डंप घेऊन नव्याने भरा, किंवा रीइंडेक्स करा.

विंडोजचं क्लस्टर या दिवाळीत नको. २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. त्याची तारीख ठरलेली आहे, सेंटओएसची उलटून गेली आहे. शिवाय फेलओव्हर क्लस्टरला रोलिंग पद्धतीने एका वेळी एकच पायरी चढता येते, २०१६ वरून २०१९ आणि मग २०२२. नोड एकेक काढायचा, कोरा करायचा, परत घ्यायचा. सगळे झाले की क्लस्टरची फंक्शनल लेव्हल वाढवायची, आणि ती वाढवल्यावर मागे फिरता येत नाही. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये एक नोड बाहेर असताना दुसरा एकटाच असतो, तेवढा वेळ तुमचं क्लस्टर नावापुरतं. हार्डवेअर जुनं असेल तर मी पायऱ्या न चढता २०२२ चं नवं क्लस्टर शेजारी उभं करून डेटाबेस हलवतो. हलवताना एसक्यूएल सर्व्हरचे स्वतःचे लॉगिनही सोबत न्या, त्यांच्या एसआयडीसकट. नुसत्या नावाने पुन्हा केलेत तर डेटाबेसमधला युजर अनाथ होतो. म्हणजे तुमच्या लिनक्स नोडचंच दुखणं: नाव तेच, नंबर वेगळा.

अकाउंटची साफसफाई करताना या क्लस्टरलाही जपा. क्लस्टरच्या नावाचं आणि त्यातल्या प्रत्येक सेवेच्या नावाचं कॉम्प्यूटर अकाउंट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत असतं. अशा नावाचं यंत्र कुठेच उभं दिसत नाही, म्हणून साफसफाईच्या उत्साहात ते ‘कुणाचं आहे हे?’ म्हणून उडवलं जातं. एका ठिकाणी असं झालं आणि ते लगेच जाणवलंही नाही. पुढच्या फेलओव्हरला कळलं. आधी डिरेक्टरीचा रीसायकल बिन चालू करा, ते आपोआप चालू नसतं. आणि एक डोमेन कंट्रोलर या क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या मशीनवर ठेवा. लिनक्सही आता त्याच्यावर विसंबणार आहे, तेव्हा दोन तरी हवेतच. प्रत्येक नोडवर एक लोकल अ‍ॅडमिन अकाउंट ठेवून त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून कॅशियरच्या तिजोरीत द्या.

मॅकचं थोडक्यात: चारच आहेत, त्यांना डोमेनला जोडू नका. पासवर्ड बदलला की कीचेन रुसतो आणि तुम्ही मार्केटिंगच्या टेबलावर तासभर अडकता. लोकल अकाउंट असू दे, शेअर उघडताना अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं लॉगिन टाकू दे.

वेळापत्रक मी असं धरेन. जुलैत याद्या आणि हार्डवेअरची चाचणी. श्रावणात, म्हणजे ऑगस्टच्या आसपास, एका शनिवार-रविवारी नंबर बदलणं. सप्टेंबर मोकळा ठेवा, तक्रारी येऊ देत. सहामाही अखेरीला ईआरपीवाले तसंही हात लावू देणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये दोन नोडचं नवं क्लस्टर. खंडेनवमीला सर्व्हर रूममध्ये पूजा होते, रॅकला हार पडतो, त्या आठवड्यात काहीही बंद करू नका. एकदा पूजेच्या दिवशी सर्व्हर पडला आणि त्याचं खापर पाच वर्षं माझ्या डोक्यावर होतं. दिवाळीत चार नोड. विंडोज वर्षअखेरीस, स्वतंत्र सुट्टी मागून. आणि काही कारणाने काम २०२७ वर गेलंच, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. २०१५ च्या पर्वणीला शहरातले रस्ते बंद होते आणि पुण्याहून डिस्क घेऊन निघालेला इंजिनिअर दुपारभर शहराबाहेरच थांबला होता. त्या दिवसांत सुटे पार्ट आधीच आणून ठेवा.

साहेबांना हे कसं सांगायचं, तो तुमचा खरा प्रश्न असेल. मी तंत्र सांगत बसत नाही. विचारतो, “सोमवारी फाइल उघडल्या नाहीत तर शुक्रवारपर्यंतचे जॉब कोण भरून देणार?” बहुतेक वेळा तारखा मिळतात.

उद्या गेल्यावर एवढंच करा: आठही नोडवरची युजर फाइल एका शीटमध्ये आणा, नावाने क्रम लावा, आणि एकाच नावापुढे किती वेगवेगळे आकडे येतात ते मोजा. तो आकडा आणि स्टोरेजचं मॉडेल इथे लिहा, मग नंबर बदलायची स्क्रिप्ट कुठून चालवायची ते बघू.